शिवणीतली माया

मराठी समीक्षेला ओहोटी लागली आहे, असं अधूनमधून कुठल्या तरी परिसंवादात कुणी तरी म्हणतं आणि समोरचे अकरा श्रोते माना डोलावतात. या मंडळींनी दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा दादरच्या रानडे रोडवर एक चक्कर मारावी, अशी माझी नम्र सूचना आहे. तिथं दर चार पावलांवर एक समीक्षक उभा असतो. बहुधा उभी असते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं मनगट आणि तोंडानं अखंड समीक्षा चालू. "रंग फारच भडक आहे." "कापड टोचेल हो त्याला." "एका धुण्यात आटणार हे, लिहून ठेवा." "एवढ्याशा चिंधीला आठशे?"

पुस्तक न वाचताच अभिप्राय देतात, असा साहित्याच्या समीक्षकांवर निदान आरोप तरी होतो. इथं तशी सोयच नाही. प्रत्येक कलाकृती चोळून, ताणून, दाराशी उजेडात नेऊन आणि उलटी करून पाहिल्याशिवाय कुणी मत देत नाही. कवीच्या वाट्याला असा वाचक आला असता तर कवीनं कविता लिहिणंच सोडून दिलं असतं. कपडेवाला मात्र हसतमुखानं म्हणतो, "वहिनी, दुसरा दाखवू का?"

या समीक्षेत संप्रदाय आहेत. सर्वांत जुना म्हणजे 'वाढत्या अंगा'चा. कपडा हा आज समोर उभ्या असलेल्या मुलासाठी घ्यायचाच नाही, तर पुढच्या दिवाळीला जो मुलगा त्याच्या जागी उभा असेल त्याच्यासाठी घ्यायचा, हे त्याचं मुख्य सूत्र. दुसरा संप्रदाय 'मळखाऊ'. मळखाऊ हा नुसता रंग नव्हे, ती जीवनदृष्टी आहे. तपकिरी, राखाडी आणि ज्याला अजून कुठल्याही भाषेत नाव मिळालेलं नाही असा एक, हे तिचे तीन रंग. तिसरा 'चारचौघांत'. कपडा मुंजीत चालेल का, बारशात चालेल का, एवढाच यांचा सवाल. अंगावर चालेल का, हे कुणी विचारत नाही. आणि या तिन्ही संप्रदायांचं एका बाबतीत मात्र पूर्ण एकमत आहे. कपडा ज्याच्या अंगावर चढायचा, त्याचं मत विचारायचं नाही.

आमच्या लहानपणी तर प्रश्नच नव्हता. आम्ही तीन भाऊ. वडील गिरणीच्या दुकानातून एकच तागा आणीत. त्यात तिघांचे सदरे होत आणि उरलेल्या कापडात खिडकीचा पडदा. गर्दीत पोरं हरवली तर कापडावरून ओळखू येतील, हा त्यातला शास्त्रीय विचार. पण त्या पडद्यासमोर उभे राहिलो की आम्ही घरातल्या घरातही हरवत असू. बहिणीचं परकर-पोलकं आईच्या जुन्या लुगड्यातून निघे. म्हणजे तिच्या कपड्याला जन्मतःच अनुभव असे.

मग मास्तरांकडे मापं. आमच्या गल्लीतले शिंपी म्हणजे मास्तर. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात टाचण्या. वडील दारातूनच सांगत, "मास्तर, जरा वाढत्या अंगाचं बरं का. आत माया ठेवा."

आत माया ठेवा! शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंप्यांच्या भाषेत माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया थोडी सोडायची, पुन्हा टीप मारायची. सदरा वर्षभर आणखी चालतो. ज्या कुणी हा शब्द पहिल्यांदा त्या कापडाला लावला, त्याला मी एखादा साहित्य पुरस्कार देऊन टाकला असता.

पण म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं समजू नका. वाढत्या अंगाच्या सदऱ्याचं गणित साधं असे. पहिल्या वर्षी तो खांद्यावरून ओघळे. दुसऱ्या वर्षी त्याचा रंग ओघळे. मध्ये एक महिना तो अगदी बरोबर मापात बसे, पण तो महिना नेमका मे असे आणि आम्ही बनियनवर हिंडत असू. जूनमध्ये सदरा धाकट्याकडे जाई, आणि धाकट्याच्या अंगावर तो पुन्हा मोठा होई. माझ्या धाकट्या भावानं मापात बसणारा सदरा पहिल्यांदा घातला तो नोकरी लागल्यावर, स्वतःच्या पगारातून. त्या दिवशी तो आरशासमोरून हलेना. घरातले सगळे हसले. आज वाटतं, हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

आता मास्तरांची दुकानं कमी झाली आणि रेडीमेडचं राज्य आलं. मी आजोबा झालो. आजोबांना खरेदीला नेतात ते पिशव्या धरायला आणि जागा धरायला. त्यामुळे मला एका जागी बसून पाहायला भरपूर वेळ मिळतो. आणि पाहतो ते असं की, मुलांच्या कपड्यावर मापच नसतं. वय असतं! '७-८ वर्षे', '९-१० वर्षे', '११-१२ वर्षे'. शिंपी खांदा विचारी, छाती विचारी. हे एकदम जन्मतारीखच विचारतात.

आमचा नातू नऊ वर्षांचा. एका कंपनीचा '७-८' त्याला ढगळ झाला आणि दुसऱ्या कंपनीचा '९-१०' दंडाला आवळला. शेवटी '११-१२' बसला. सूनबाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई, बाराचा लागला याला!" नातू मात्र आनंदानं उड्या मारत होता. "मी बारा वर्षांचा झालो!" एकच आकडा आईला दुःख देतो आणि मुलाला बढती देतो, याचं कारण एवढंच की, लाज म्हणजे काय ते त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही. ती शिकवणी पुढच्या चार-पाच वर्षांत होते, आणि फुकट होते.

खरं म्हणजे त्या आकड्यात लाजण्यासारखं काही नाही. तो त्या त्या कंपनीचा स्वतःचा अंदाज. भारतीय शरीरांचं म्हणून एक प्रमाणित कोष्टकच आपल्याकडे नव्हतं. अमेरिकेचं आहे, इंग्लंडचं आहे, आणि आपण त्यांच्या मापात आपली पोटं बसवत आलो. २०१८ साली सरकारनं हे मनावर घेतलं आणि निफ्ट या संस्थेकडे मोजणी सोपवली. मुंबईसकट सहा शहरं, २५,००० माणसं आणि अंगाला हात न लावता माप घेणारी त्रिमितीय यंत्रं, अशी योजना ठरली. वाचून मला आनंद झाला. पुढं वाचलं तर वयाची अट १५ ते ६५! म्हणजे ज्यांची अंगं दर महिन्याला बदलतात, ती पोरं मोजणीच्या बाहेरच. सरकारही बहुधा वाढत्या अंगाच्या संप्रदायातलं असावं. आधी वाढा, मग मोजू.

कपड्याच्या किमतीवरही सरकारचं लक्ष आहे, बरं का. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्याला १८ टक्के, असा नियम झाला. तेव्हापासून आमच्या चिरंजीवांच्या बोलण्याला एकदम राष्ट्रीय वजन आलं आहे. "अडीच हजारांच्या आतलं बघा," असं पूर्वी ते बाप म्हणून सांगत. आता अर्थमंत्रालयाच्या वतीनं सांगतात.

लहान मुलांपर्यंत हे सगळं हसण्यावारी नेता येतं. खरा नाट्यप्रयोग सुरू होतो तो पोर तेरा-चौदाचं झाल्यावर. तोवर मुका असलेला कलावंत एकाएकी बोलू लागतो, आणि पहिलंच वाक्य बोलतो, "शी!" या एकाक्षरी समीक्षेपुढे आईबापांचे तिन्ही संप्रदाय हतबल होतात.

आमच्या नातीला फाटकी जीन्स हवी होती. म्हणजे वापरून फाटलेली नव्हे. फाडून विकायला ठेवलेली, आणि फाडणावळ किमतीत धरलेली. तिच्या पणजीनं ती पाहिली आणि मायेनं म्हणाली, "दे गं इकडे, रफू करून देते." ही विजार मुळात कशी जन्मली ते मी त्या वेळी नातीला सांगितलं. अमेरिकेतल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका मजुराची बायको त्याच्याकडे आली आणि म्हणाली, नवऱ्याला अशी विजार शिवून द्या की जी फाटणार नाही. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. मग ज्याच्याकडून कापड घेत असे, त्या लेव्ही स्ट्रॉस नावाच्या व्यापाऱ्याला भागीदार केलं आणि २० मे १८७३ रोजी दोघांना पेटंट मिळालं. न फाटणारी विजार म्हणून जिला पेटंट मिळालं, ती आज फाटकी म्हणून जास्त किमतीला जाते. नात शांतपणे म्हणाली, "मग रिव्हेटा आहेतच की अजून. बघा."

आणि जीन्स हे परकीय थेर, असंही सरसकट म्हणायला नको. इंग्रजीत जाड्याभरड्या कापडाला डंगरी म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून तिकडे गेला. तेव्हा पोरं डंगरी मागतात म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी आधी नकाशा पाहावा. शिवाय आमच्या पिढीनं तरी काय केलं? सत्तरच्या दशकात आम्ही बेलबॉटम शिवले तेव्हा वडील म्हणाले होते, "एका पायाच्या घेरात धाकट्याच्या दोन चड्ड्या झाल्या असत्या." मास्तरांनी मात्र काही न बोलता घेर मोजला आणि वहीत लिहून घेतला, चोवीस.

नातीची समीक्षा नुसत्या 'शी'वर थांबत नाही, हे मला खिशावरून कळलं. तिनं दुसरी जीन्स हातात घेतली, पुढच्या खिशात बोटं घातली आणि म्हणाली, "आजोबा, हा खिसा नाहीये, खिशाचं चित्र आहे." खरंच, बोटाची दोन पेरं जात होती आणि पुढं शिवण. भावाच्या विजारीत गोट्या, पेन्सिल, अर्धा पेरू आणि एकदा तर बेडूकही मावला होता. तिच्यात बसचं तिकीट उभं राहीना. हा काही तिचा कांगावा नव्हे. २०१८ साली 'द पुडिंग' या अमेरिकी नियतकालिकानं २० कंपन्यांच्या जीन्सचे खिसे मोजले, तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. चोळून, ताणून, उजेडात नेऊन पाहणाऱ्या आमच्या इतक्या समीक्षकांपैकी एकीनंही आजवर मुलीच्या कपड्याच्या खिशात हात घालून पाहिला नव्हता. तो घातला चौदा वर्षांच्या मुलीनं. तेव्हा नव्या समीक्षेची काळजी करायचं कारण नाही.

आता ट्रायल रूम. चार बाय तीनची खोली, तीन खुंट्या, एक आरसा आणि 'एका वेळी तीनच कपडे' अशी पाटी. आत गेलेली नात आधी आरशाला विचारते, मग फोटो काढून व्हॉट्सअॅपवर तीन मैत्रिणींना विचारते, आणि मग दार उघडून आम्हाला दाखवते. आमचा नंबर पाचवा. चिरंजीव बाहेरून दर दोन मिनिटांनी "झालं का?" म्हणत असतात, आणि मी खुर्चीवर पिशव्या सांभाळत असतो. त्या खुर्चीवरून गेल्या दिवाळीत मी जे पाहिलं, त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

शेजारच्या खोलीतून एक मुलगी बाहेर आली. तेरा-चौदाची असेल. अंगात हळदीच्या रंगाचा कुर्ता. बाहेर आली ती हसतच, आणि एक गिरकी घेतली. समोर तिची आई आणि आत्या. आत्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या रंगाला नाही जात हा पिवळा." आई म्हणाली, "आणि पोटावर बघ कसा बसलाय. जिभेवर ताबा ठेव म्हटलं की ऐकायचं नाही." विक्रेता मदतीला धावला. "ताई, फिकट गुलाबी दाखवतो. त्यात उजळ दिसेल ती." तिघांच्याही मनात वाईट काही नव्हतं. तिघंही आपापल्या परीनं तिचं भलंच पाहत होती. मुलगी आरशाकडे न बघता खाली कुर्त्याकडे बघत राहिली. मग आत गेली, आपले जुने कपडे घालून आली आणि म्हणाली, "मला काही नको. घरी जाऊ."

आई आमच्याकडे वळून म्हणाली, "पाहिलंत? हल्लीच्या पोरांना काही पसंतच पडत नाही."

साहित्यात एक साधा नियम आहे. समीक्षा कलाकृतीची करायची, कलावंताची नाही. तो मोडला तर परिसंवादात हमरीतुमरी होते आणि पुढची चार वर्षं वाङ्मयीन मासिकांचं पोट भरतं. कपड्याच्या दुकानात मात्र हा नियम दर पाच मिनिटाला मोडतो आणि कुणी चकार शब्द काढत नाही. कुर्ता पोटावर नीट बसला नाही, हा दोष कुर्त्याचा. तो कुठल्याशा कारखान्यात कापला गेला तेव्हा ही मुलगी त्याच्या समोर नव्हती. तो तिच्या मापाचा नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आपण मात्र निकाल फिरवतो आणि मुलगीच कुर्त्याच्या मापाची नाही, असं ठरवून टाकतो. रंगाचंही तेच. हळदीचा रंग आपल्याकडच्या यच्चयावत नवऱ्या मुलींच्या अंगाला लावतात. त्या वेळी नाही कुणी विचारत, हिच्या रंगाला जातो का म्हणून.

मुलग्यांना वगळतात असं मात्र समजू नका. त्यांच्यासाठी "काठीला सदरा घातलाय" हे वाक्य राखून ठेवलेलं असतं. सगळे हसतात, पोरगाही हसतो. नंतर भर मे महिन्यात तो आत बनियन, वर टी-शर्ट आणि त्यावर शर्ट चढवून हिंडतो, तेव्हा आपण विचारतो, "उकडत कसं नाही रे तुला?"

तेराव्या वर्षी अंग रोज बदलत असतं. ज्याची त्यालाच त्याची नीट ओळख झालेली नसते. नव्या बिऱ्हाडात सामान लावता लावता पाहुणे यावेत, तशी ती वेळ. त्या वेळी पाहुण्यानं भिंतीची ओल दाखवायची नसते. दिवाळीचा कपडा फार तर तीन वर्षं टिकतो. हे असलं वाक्य तीस वर्षं टिकतं, आटत नाही आणि विटतही नाही. त्या आत्याबाईंच्या अंगावर अगदी फिकट, मोतिया रंगाची साडी होती. कोण जाणे, हळदीचा रंग त्यांनाही कधी काळी आवडला असेल आणि कुठल्या तरी दुकानात कुणी तरी त्यांनाही हेच सांगितलं असेल.

अशा वेळी मला मास्तर आठवतात. आमच्या गल्लीतली सगळी अंगं त्यांच्या टेपखालून गेली होती. लठ्ठ काका, काटकुळे आम्ही, बाळंतपणानंतरच्या वहिनी, एक खांदा उतरलेले पोस्टमन. मास्तर नुसते आकडे म्हणत आणि पोऱ्या वहीत लिही. "कंबर अठ्ठावीस." "कंबर चव्वेचाळीस." आवाज तोच. अठ्ठाविसाला शाबासकी नाही आणि चव्वेचाळीसला सुस्कारा नाही. घट्ट झालेला सदरा घेऊन कुणी गेलं तर मास्तर "वजन वाढलंय" असं कधीच म्हणाले नाहीत. शिवण उलटी करून पाहत आणि म्हणत, "माया आहे. सोडतो थोडी." दोष कापडाचा आणि इलाजही कापडालाच. माणसाला धक्का नाही. इतका सभ्य समीक्षक मी साहित्यात पाहिलेला नाही.

रेडीमेड कपड्यात माया नसते. कंपनीला ती परवडत नाही. कारखान्यात पाव इंच कापड वाचलं की लाखभर नगांवर ते केवढं होतं, याचा हिशेब तिथं कुणी तरी करून ठेवलेला असतो. तेव्हा ती आता आपल्यालाच घरून न्यावी लागणार. फार अवघड नाही. "तुला शोभत नाही" याऐवजी "हा कुर्ता चुकलाय, दुसरा बघू" एवढं म्हटलं तरी पुरतं. समीक्षा सोडायची मुळीच गरज नाही. कापड चोळा, रंगाला नावं ठेवा, किंमत ऐकून कपाळावर हात मारा. तो आपला परंपरागत हक्क आहे. फक्त नंतर पोराला सांगा, "हात वर करून बघ. खाली बसून बघ. आवडला का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर बहुधा "शी!" असंच येईल. मग दुसरा दाखवायला सांगा. वेळ लागेल, पण काळजी नको. पिशव्या धरायला आजोबा आहेतच.